चतुराबाईचा हिरवा रंग

मी एक जुना रंगमापक आहे, मित्रांनो; पण माझ्या पायाशी डकवलेल्या चिठ्ठीवर ‘सूक्ष्मदर्शक’ असे लिहिले आहे. अकोल्याच्या तुमच्या शाळेत मला आणले, तेव्हा कुणीतरी घाईघाईने ती चिठ्ठी लावली. तेव्हापासून मी या काचेच्या कपाटात उभा आहे. तुमच्यापैकी काहींनी माझ्या भिंगाला डोळा लावून पाहिले आणि आत काहीच दिसले नाही म्हणून पाठ फिरवली. त्यात तुमचा दोष नाही. माझ्यातून पाहायचे तर माझे दोन्ही पेले भरलेले असावे लागतात, आणि ते शेवटचे भरले गेले, त्याला आता तीन वर्षे होऊन गेली.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचे अंग, दोन काचेचे पेले, त्यांत उतरणारे दोन काचेचे दांडे, वर दोन लोलक, खाली एक लहानसा आरसा. भिंगातून पाहिले की एक गोल दिसायचा आणि त्या गोलाचे दोन अर्धे भाग. डावा भाग एका पेल्याच्या रंगाचा, उजवा दुसऱ्याच्या. बाजूची चकती फिरवून दोन्ही भाग अगदी एकसारखे दिसू लागले, की मापपट्टीवरचा आकडा वाचायचा. एवढेच माझे काम. रंग जुळवून आकडा सांगायचा.

सत्तावन्न साली मी अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात आलो. दवाखान्याचे नाव सांगत नाही. तिथे मला वापरता येईल असा माणूसच नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षे मी लाकडी पेटीतच काढली. मग देवराव आला.

देवराव मोर्शीकडचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. मॅट्रिकनंतर तो प्रयोगशाळेचे काम शिकला आणि या दवाखान्यात लागला. पहिल्याच दिवशी त्याने माझी पेटी उघडली, धुतलेल्या मऊ धोतराच्या तुकड्याने माझे लोलक पुसले आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर मोहरीलांना म्हणाला, “साहेब, हे यंत्र चांगलं आहे. याले कामाले लावू.”

डॉक्टर मोहरील तिथले मोठे डॉक्टर. केस पांढरे झालेले, चालताना किंचित वाकलेले. मधुमेहाच्या रोग्यांकडे त्यांचे फार लक्ष असे. ते म्हणत, “देवराव, साखरेनं माणूस लगेच मरत नाही. साखर त्याला हळूहळू पोखरते. जखम बरी करून आपण त्याला घरी पाठवतो, आणि सहा महिन्यांनी ऐकू येतं की छातीत कळ आली आणि गेला. रक्तातल्या चरबीकडेही पाहायला हवं.”

त्या चरबीसारख्या पदार्थाचे नाव कोलेस्टेरॉल. तो मोजायची रीत अशी होती: रोग्याचे रक्त काही वेळ ठेवले की वर पिवळसर पाणी सुटे. त्यातले थोडे घेऊन त्यात दोन-तीन झणझणीत रसायने घालायची आणि अंधाऱ्या जागी ठेवायचे. अर्ध्या तासात त्याला हिरवा रंग चढे. कोलेस्टेरॉल जितके जास्त, तितका हिरवा गडद. माझ्या एका पेल्यात हा रंग आणि दुसऱ्यात ठरलेल्या मापाचा हिरवा रंग, असे ठेवून देवराव जुळवत बसे. अडीचशेच्या आतला आकडा ठीक समजत.

डॉक्टरांनी नियमच केला: मधुमेहाचा जो रोगी दवाखान्यात भरती होईल, त्याची ही तपासणी करायची, आकडा लाल शाईने त्याच्या कागदावर लिहायचा, आणि आकडा मोठा असेल तर त्याचे ताट वेगळे काढायचे. त्या ताटात वनस्पती तूप नाही, साजूक तूप नाही, मटण नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, आणि करडईच्या तेलातली भाजी. याच्यावर औषधे फारशी नव्हती. होते ते ताटच.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. शेजारच्या गावांचे डॉक्टर मला पाहायला येत. देवराव संध्याकाळी माझे पेले तीनदा धुई. त्या रसायनांनी माझ्या दांड्यांचे चिकटवण सैल होई, तेही तो स्वतः बसवी. आपण माणसे वाचवतो आहोत, असे मला वाटत असे.

चौसष्ट सालच्या आषाढात चतुराबाई आली.

ती शेंदूरजनाघाटची. नवरा बुधाजी एका संत्रा-बागेत राखण करी आणि मालकाच्या म्हशी सांभाळी. ती त्याच बागेत संत्री तोडायला आणि निवडायला जाई. वय चाळीसच्या आसपास. पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि दवाखान्यात आणल्यावर कळले की तिला मधुमेह आहे. त्या दिवसापासून तिला रोज सकाळी इन्शुलिनची सुई सुरू झाली. तिच्या पापण्यांच्या कोपऱ्यांत चरबीच्या पिवळसर गाठी होत्या. डॉक्टरांनी त्या पाहिल्या आणि देवरावला सांगितले, “हिचा आकडा आजच काढ.”

आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशी निघाला.

पायाला जरा बरे वाटू लागल्यावर ती सकाळच्या उन्हाला आमच्या खिडकीबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागली. दोन दिवस ती नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “भाऊ, तुमी त्या नळीत डोया लावून रोज काय पाहून राहिले?”

“तुमचंच रगत पाहून राहिलो, बाई.”

“माह्यं? दाखवा बरं मले.”

देवरावने तिला आत बोलावले, स्टूल दिले आणि माझ्या भिंगाशी बसवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

“हे हिरवं कावून झालं? सुईनं काढलं तवा तं लाल होतं.”

देवरावने तिला समजावले. रक्तात चरबी वाढली की रंग असा गडद होतो, गडद असला की रक्ताच्या नळ्या आतून चोंदतात, आणि साखर असलेल्या माणसाच्या नळ्या जास्त लवकर चोंदतात. ती मन लावून ऐकत होती.

“मंग हे फिकं झालं पायजे,” ती म्हणाली.

“हाव. फिकं झालं पायजे.”

“कच्च्या संत्र्यावानी दिसते. पाहू द्या, कोनती चकती फिरवा लागते?”

तिने चकती हातात घेतली. मित्रांनो, माझ्या भिंगाला आजवर पुष्कळ डोळे लागले, पण तसा डोळा एकही नव्हता. पंधरा वर्षे ती संत्र्यांचे ढीग रंगावरून निवडत आली होती. उद्या पिकणारे कोणते आणि चार दिवसांनी पिकणारे कोणते, हे तिला नुसते पाहून कळे. तिने चकती थोडी पुढे, थोडी मागे केली आणि हात उचलला. “आता दोनी बाजू एक झाल्या,” ती म्हणाली. देवरावने आकडा वाचला. त्याने सकाळी काढलेल्या आकड्यापेक्षा फक्त दोनाने वेगळा. त्याने पुन्हा मापून पाहिले, तर तिचाच बरोबर होता.

त्या दिवसापासून देवराव आपला आकडा काढून झाला की खिडकीतून तिला हाक मारी. “या बाई, पाहून सांगा.” ती लंगडत येई, साऱ्या वॉर्डाचे रंग जुळवून देई आणि मग विचारी, “आता माह्यं दाखवा.”

पण तिचा रंग फिका होत नव्हता. तीन आठवडे झाले, तरी तीनशे ऐंशीच्या खाली आकडा येईना. देवरावला शंका आली. तो स्वयंपाकघराकडे गेला आणि थोड्या वेळाने उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. डॉक्टर मोहरील तेव्हा प्रयोगशाळेतच बसले होते.

“काय झालं?” त्यांनी विचारले.

“फोडणीले कोनतं तेल घालता, एवढंच इचाराले गेलो होतो, साहेब. नत्थुजी म्हणे, तिथंच उभा राय, आत पाय टाकू नको.”

डॉक्टर उठले आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. नत्थुजी तिथला स्वयंपाकी. डॉक्टरांनी त्याला प्रयोगशाळेत आणून देवरावसमोर उभे केले आणि विचारले, तेव्हा त्याने लपवले नाही. म्हणाला, “फोडनी डालड्याचीच देतो जी. बेचव जेवन कोन खाईन? ताट वापस येते अन् शिव्या मले भेटते. कावून नाई घालाचं, हे मले कोनं सांगतलं? चिठ्ठी आली, त्यावर इंग्रजी लिवलं होतं.”

डॉक्टरांनी त्याला माझ्या भिंगातून दोन्ही रंग दाखवले आणि मराठीत सगळे समजावून सांगितले. नत्थुजीने ते ऐकले. देवरावला त्याने त्यानंतरही कधी उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही, पण चतुराबाईच्या ताटात डालडा पुन्हा गेला नाही. पाचव्या आठवड्यात आकडा तीनशे एकतीस झाला. नवव्या आठवड्यात दोनशे चौऱ्याऐंशी. जखमही भरत आली.

त्या सकाळी चतुराबाईने आपला रंग स्वतः जुळवला आणि देवरावकडे पाहून हसली. “सुईनं चांगलंच फिकं केलं, भाऊ,” ती म्हणाली.

देवराव तेव्हा पुढच्या नळीत रसायन ओतत होता. तोही हसला आणि “हाव” म्हणाला.

मित्रांनो, त्या एका शब्दाचा मी आजवर विचार करतो. तिला वाटत होते की रोजची सुई हिरवा रंग फिका करते. ताटात काय येते आणि काय येत नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ताट समोर येई, ती जेवे. वॉर्डातल्या नर्सला वाटले, प्रयोगशाळेने सांगितले असेल. देवरावला वाटले, वॉर्डाने सांगितले असेल. डॉक्टर मोहरील रोग्याला घरी सोडताना स्वतः जवळ बसवून सगळे सांगत, म्हणून दोघेही निश्चिंत होते.

आणि सप्टेंबरात डॉक्टर मोहरील निवृत्त होऊन नागपूरला गेले.

नवे मोठे डॉक्टर आले. त्यांना आधी खाटा रिकाम्या हव्या होत्या. त्याच आठवड्यात देवरावला चार दिवस अकोल्याला पाठवले. तिथल्या एका दवाखान्यातला प्रयोगशाळेचा माणूस रजेवर होता. तिसऱ्या दिवशी चतुराबाईला घरी सोडले.

मी खिडकीतून पाहत होतो. तिने धुतलेले लुगडे नेसले होते, पायात नव्या चपला होत्या. बुधाजी हातात बोचके घेऊन तिच्यामागे उभा होता. तिने खिडकीच्या गजांतून आत पाहिले, दाराला कुलूप दिसले, म्हणून ती त्याच बाकावर बसली. बसची वेळ होईपर्यंत बसून राहिली. मग झाडणाऱ्या बाईला म्हणाली, “देवराव भाऊले सांगजा, चतुरा गेली म्हना. भेट नाई झाली.”

तिच्या हातात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या.

देवराव परतला आणि त्याने आधी वॉर्ड गाठला. तिथून आला तो नर्सला आणि त्या कागदाची वॉर्डातली प्रत बरोबर घेऊन.

“आहार सांगितल्याप्रमाणे, असं लिहिलंय तुम्ही. सांगितला कोणी?” त्याने विचारले.

“तुम्ही नव्हता सांगितला?” नर्स म्हणाली. “मी तर तिच्या नवऱ्याला म्हटलं, खाण्याकडे लक्ष द्या. रोज तुमच्याकडेच बसायची ती. मला वाटलं तुम्ही सांगितलंच असेल.”

देवरावने कॅलेंडरकडे पाहिले. मग म्हणाला, “येत्या रविवारी शेंदूरजन्याला जाऊन येतो.”

त्या रविवारी त्याची पाळी होती. पुढच्या रविवारी त्याची मुलगी तापाने फणफणली होती. मग नव्या डॉक्टरांनी सगळी जुनी नोंदवही नव्याने उतरवायला लावली. मग दिवाळी आली. मी त्याला दोष देत नाही. पण तो गेला नाही. निदान एक कार्ड तरी टाकता आले असते, तेही राहून गेले. पुढे पुढे तो तिचे नावही काढेनासा झाला.

मार्च महिन्यात, दुपारी, बुधाजी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. एकटाच.

“देवराव भाऊ तुमीच न?” तो म्हणाला. “चतुरा तुमचं नाव लय घे.”

देवरावने हातातली नळी खाली ठेवली. “या, बसा. बाई कशा आहे?”

“गेली. बागेत तोडा सुरू होता. छातीत दुखते म्हने. झाडाखाली बसली, तं बसलीच. टोपलं भरलं नवतं अजून.”

 मग बुधाजीने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. “हे वाचून सांगा. गावात इंग्रजी कोनाले येत नाई. आमच्यानं काई राहून गेलं का, ते पाहा लागते.”

देवरावने कागद उघडला. “जखम भरली. सुई चालू ठेवा,” एवढे वाचून तो थांबला. मग तिसरी ओळ वाचली. “आहार सांगितल्याप्रमाणे.”

“सुई तं म्या एक दिवस चुकू देली नाई,” बुधाजी म्हणाला. “रोज सकायी कंपाउंडरकडं नेली. पाऊस असो का काई असो. गूळ-साखर घरात ठेवली नाई. अन् खान्याचं म्हनसान, तं इथल्या बाईनं सांगतलं होतं, खान्याकडं लक्ष द्या. म्या देलं. मालकाच्या म्हशीचं तूप भेटे. रोज तिच्या भाकरीवर पळीभर तूप वाढलं. माह्या वाट्याचं बी तिलेच घातलं. अंगात ताकद यावी म्हनून.” तो थांबला. “थे नाई म्हने, इतलं नोको. म्या म्हटलं, दवाखान्यानं सांगतलं, खा लागते.”

देवराव कागदाकडे पाहत होता. 

“माह्यं काई चुकलं का, भाऊ?”

मी माझ्या जागेवरून देवरावचा चेहरा पाहत होतो. त्याला खरे सांगता आले असते. पण सांगून कुणाचे भले होणार होते? तुपानेच ती गेली, असे छातीठोकपणे कुणीही सांगू शकणार नाही, मित्रांनो. सगळे नीट सांभाळूनही काही माणसे जातात. पण तिचा रंग फिका होत चालला होता, आणि तो का फिका होतो आहे हे ज्या दोघांना कळायला हवे होते, त्यांनाच ते कळले नव्हते.

“नाई,” देवराव म्हणाला. “तुमचं काई चुकलं नाई.”

“मंग बरं,” बुधाजी म्हणाला. त्याने कागद परत घेतला, पहिल्यासारख्याच चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. निघताना त्याने माझ्याकडे बोट दाखवले. “हेच का थे यंत्र? चतुरा सांगत जाय, म्या माह्यं रगत माह्या डोयानं पाह्यलं म्हने.” देवरावने मान हलवली. बुधाजी गेला.

दुसऱ्या दिवशी देवरावने एक चिठ्ठी लिहिली. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. तूप, डालडा, मटण यांपासून दूर राहा. भाजी करडईच्या तेलात, तेही थोडे. सुई चुकवू नका. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दाखवा. अशा पन्नास चिठ्ठ्या छापून मधुमेहाच्या प्रत्येक रोग्याला घरी जाताना वाचून दाखवाव्यात, अशी विनंती घेऊन तो नव्या डॉक्टरांकडे जाणार, तोच ते स्वतः फेरी मारत प्रयोगशाळेत आले. त्याने चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

“तुमचं काम आकडा देणं,” ते म्हणाले. “सल्ला देणं नाही.”

“मग सल्ला कोणी द्यायचा, साहेब?”

“वॉर्ड देईल.”

“वॉर्डाला वाटतं, आम्ही देतो. त्यात एक बाई गेली, साहेब.”

डॉक्टरांनी चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “या तपासणीची रसायनं तशीही महाग आहेत आणि वेळेवर मिळत नाहीत. शिल्लक संपली की कोलेस्टेरॉल बंद करा. साखरेपुरतं ठेवा. आकडाच नसला म्हणजे त्यावरून वादही नको.”

देवरावने चिठ्ठी परत घेतली. त्याने ती फाडली नाही. पुढे काही दिवस तो रोग्यांना सुट्टी व्हायच्या वेळी व्हरांड्यात जाऊन उभा राही आणि एकेकाला ती वाचून दाखवी. कुणी ऐके, कुणाला बसची घाई असे. मग त्याला लेखी ताकीद मिळाली आणि तेही थांबले.

रसायने पावसाळ्यात संपली. त्यानंतर माझ्या पेल्यांत हिरवा रंग कधी चढला नाही. वर्षभर मी साखरेचा निळा रंग मोजला. मग विजेवर चालणारे नवे यंत्र आले. त्याला डोळा लावावा लागत नाही, काटा आपोआप आकड्यावर जाऊन थांबतो. मला पुन्हा पेटीत घातले. सहासष्ट साली जुन्या वस्तू वाटल्या, तेव्हा मी तुमच्या शाळेच्या वाट्याला आलो. पेटी बांधताना देवरावने माझे लोलक पुसले. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. तो तिथेच आहे, असे ऐकतो. नव्या यंत्राचा काटा पाहतो आणि आकडा लिहून वर पाठवतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू सांगतात, आम्हांला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. माझे पेले तडकले आहेत, आता मला जपून कुणाचा फायदा नाही. पण तुमच्या घरचे कुणी दवाखान्यातून घरी येईल तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर जा. तुम्हांला वाचता येते. कागदावर काय लिहिले आहे ते विचारा. यांना काय वाढायचे आणि काय नाही, हे विचारा. उत्तर तुमच्या बोलीत मिळेपर्यंत तिथून हलू नका. कुणी रागावले तरी हलू नका.

चतुराबाईला माझ्यापेक्षा चांगला डोळा होता आणि बोलायला तोंडही होते. पण आपले काहीतरी विचारायचे राहिले आहे, हे तिला कळायला कुणीतरी आधी सांगायला हवे होते. आम्ही सगळे तिथे होतो, आणि कुणीच सांगितले नाही.